भाज्याचे खांब आत का कलले आहेत?

मुंबईहून पुण्याकडे जाताना लोणावळ्यानंतरचे रेल्वे स्थानक मळवली. स्थानकाच्या उत्तरेला कार्ल्याची लेणी आहेत, दक्षिणेला लोहगड-विसापूरच्या कुशीत भाज्याची लेणी, आणि त्याच डोंगररांगेत पवन मावळाच्या बाजूला बेडशाची. पुणे, मुंबई व रायगडच्या शाळांच्या सहली येथे नेहमी येतात. विद्यार्थी पायऱ्या चढतात, लेणी पाहतात, सनावळी वहीत उतरवतात आणि परततात. परंतु भाज्याच्या मोठ्या चैत्यगृहातील एक साधी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तेथील अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत. दोन्ही रांगांतील खांबांचे माथे आतल्या बाजूला झुकलेले आहेत. खांबांच्या तळाशी दोन रांगांमध्ये जेवढे अंतर आहे, त्याहून माथ्याशी ते कमी आहे.

कारागिराचा हात चुकला असेल का? एखादा खांब कलता असता तर तसे म्हणता आले असते. येथे २७ खांब आहेत आणि बाजूच्या दोन्ही रांगा सारख्याच झुकल्या आहेत. म्हणजे हे ठरवून केलेले काम आहे. मग ते का केले? या एका प्रश्नाचा पाठपुरावा करत आपण मावळातून थेट चीनमधील एका हजार वर्षांच्या लाकडी मंडपापर्यंत जाऊ आणि पुन्हा मावळात येऊ.

खांबांवर भार नाही

प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ. लेणे बांधलेले नसते, कोरलेले असते. घर बांधताना आपण आधी खांब उभारतो, त्यावर तुळया टाकतो, मग छप्पर चढवतो. छपराचा भार तुळयांवरून खांबांवर आणि खांबांतून जमिनीत उतरतो. लेण्यात मात्र डोंगर आधीपासूनच उभा असतो. दख्खनच्या पठारावरील हा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक थंड होऊन तो तयार झाला. कारागिरांनी त्यातील नको असलेला दगड काढून टाकला आणि उरला तो खांब, उरले ते छत. भाज्याचे चैत्यगृह सुमारे १८ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. एवढ्या रुंदीवर हा अखंड कातळ स्वतःच्या बळावर तरून राहू शकतो. घारापुरीसारख्या लेण्यांत कित्येक खांब मोडले, तरी वरचे छत जागच्या जागी राहिले, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

तेव्हा भाज्याच्या खांबांना खऱ्या अर्थाने काम नाही. त्यांच्या वरच्या लाकडी फासळ्यांनाही नाही. हत्तीच्या पाठीसारख्या गोलाकार, म्हणजे गजपृष्ठाकृती छताला आतून कमानीसारख्या वाकलेल्या लाकडी फासळ्या बसवलेल्या दिसतात. त्या छताला आधार देत नाहीत. उलट छतच त्यांना धरून ठेवते. ज्या खांबांवर भार नाही ते कलते का, आणि ज्या छताला आधाराची गरज नाही त्याला फासळ्या का, हे दोन्ही प्रश्न एकच आहेत.

एक पोस्टकार्ड आणि दोन पुस्तके

उत्तरासाठी वर्गात सहज करता येईल असा प्रयोग करू. सारख्या आकाराची दोन हलकी पुस्तके टेबलावर थोड्या अंतरावर उभी करा. एक पोस्टकार्ड कमानीसारखे वाकवून त्याच्या दोन्ही कडा पुस्तकांच्या माथ्याजवळ आतल्या बाजूने टेकवा. हात सोडताच पोस्टकार्ड सरळ होऊ पाहते आणि पुस्तके बाहेरच्या बाजूला कलंडतात. कमानीवर वरून बोटाने किंचित दाब दिला तर ती आणखी लवकर पडतात.

कमान आपल्या टेकूंवर केवळ खाली दाब देत नाही, बाहेरच्या बाजूलाही रेटा देते. खाली जाणारे बल आणि बाहेर जाणारे बल यांची बेरीज केली, की तिरपे, खाली व बाहेर जाणारे एकच बल मिळते. दहावीच्या विद्यार्थ्याला ही बेरीज आकृती काढून दाखवता येईल. कमान जितकी चपटी, तितका बाहेरचा रेटा अधिक.

हा रेटा सहन करायचा कसा? एक उपाय म्हणजे खांब खूप जाड करायचे. दुसरा उपाय सुताराला अधिक जवळचा आहे. खांब त्या तिरप्या बलाच्या दिशेतच उभा करायचा, म्हणजे त्याचा पाय बाहेर आणि माथा आत. मग बल खांबाला आडवे ढकलत नाही, त्याच्या लांबीतून सरळ जमिनीत उतरते. रंगारी वापरतात ती दुपाखी घोडी पाहा. तिचे पाय फाकलेले असतात म्हणूनच ती स्थिर राहते.

भाज्याच्या खांबांचा कल आता समजतो. हे दालन दगडात कोरले गेले, पण त्याचा आराखडा लाकडी दालनाचा होता. लाकडी दालनात वाकवलेल्या फासळ्यांचे छप्पर खांबांना बाहेर ढकलत असे, म्हणून खांब आत कलते रोवावे लागत. पाथरवटाने सुताराची ही रीत जशीच्या तशी दगडात उतरवली. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांनी भारतातील लेण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या लेखनात हा विचार स्पष्टपणे मांडलेला आहे.

तर्काला पुरावा हवा

मूळ लाकडी दालन आज कोठेही उभे नाही. मग ते होते हे कशावरून? विज्ञानात एका निरीक्षणावर विसंबता येत नाही. स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत आहेत का, हे पाहावे लागते. येथे तसे पुरावे आहेत.

पहिला पुरावा भाज्यातच आहे. या चैत्यगृहाचे तोंड आज पूर्ण उघडे दिसते. पण त्याच्या कडेने आणि जमिनीत खाचा व भोके आहेत. समोर एके काळी लाकडी दर्शनी भाग होता आणि तो या खाचांत बसवलेला होता. तेथील लाकडी फासळ्यांवर ब्राह्मी लिपीतील दोन छोटे लेखही आढळले आहेत. त्यांवरून हे लाकूडकाम नंतर केव्हातरी शोभेसाठी केलेले नसून मूळचे आहे, हे ठरते.

दुसरा पुरावा बिहारमधील बराबर टेकड्यांत आहे. अशोकाच्या काळातील, म्हणजे इ.स. पूर्व तिसऱ्या शतकातील लेण्यांच्या या समूहात लोमश ऋषी नावाचे लेणे आहे. त्याच्या दारावर लाकडी कमान, तिच्या फासळ्या आणि बाहेर आलेली तुळयांची टोके दगडात तंतोतंत कोरली आहेत. तुळईचे टोक बाहेर डोकावण्याचे कारण लाकडी घरात असते, अखंड कातळात नसते.

तिसरा पुरावा राजस्थानातील वैराटचा. तेथे १९३० च्या दशकात झालेल्या उत्खननात मौर्यकाळातील एका वर्तुळाकार चैत्यगृहाचा पाया सापडला. त्याच्या विटांच्या भिंतीत २६ अष्टकोनी लाकडी खांबांच्या जागा होत्या. म्हणजे अष्टकोनी खांब ही मुळात सुताराची पद्धत. चौकोनी ओंडक्याचे चार कोपरे तासले की अष्टकोन मिळतो. सांचीच्या तोरणांवरील शिल्पांतही गोलाकार छपरांच्या इमारती आणि लाकडी कठडे दिसतात.

चौथा साक्षीदार लोकांच्या तोंडी आहे. वेरूळचे दहा क्रमांकाचे लेणे, विश्वकर्मा, फार पूर्वीपासून ‘सुताराची झोपडी’ म्हणून ओळखले जाते. तेथे फासळ्याही दगडातच कोरल्या आहेत. तरीही पाहणाऱ्याला ते काम सुताराचे वाटले, आणि ते नाव टिकले.

लाकूड जेथे उभे राहिले

आपल्याकडील लाकडी दालने गेली. पण लाकडी बांधणीची एखादी जुनी परंपरा जगात शिल्लक असेल, तर तिच्याकडून आपला तर्क तपासून घेता येईल. अशी परंपरा चीनमध्ये आहे.

चीनमधील त्यान्जिन शहराच्या उत्तरेला जिझौ येथे दुले नावाचे बौद्ध मंदिर आहे. तेथील ग्वानयिन मंडप इ.स. ९८४ मध्ये बांधला गेला. ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. मंडपात त्याची सुमारे १६ मीटर उंचीची मातीची मूर्ती आहे. तिच्या मस्तकावर लहान मस्तके आहेत, म्हणून तिला एकादशमुखी म्हणतात. असा एकादशमुखी अवलोकितेश्वर मुंबईजवळच्या कान्हेरीतही, ४१ क्रमांकाच्या लेण्यात, कोरलेला आहे.

सुमारे २३ मीटर उंचीचा हा मंडप बाहेरून दुमजली दिसतो, पण आत तीन मजले आहेत. मधला मजला बाहेरून दिसत नाही. खांबांची दोन कडी आहेत, एकाच्या आत दुसरे. मधली जागा मोकळी सोडली आहे आणि मूर्ती त्या पोकळीतून सर्व मजले ओलांडून वर जाते. सर्व सांगाडा लाकडी आहे. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तीत बसणारे कुसू, असे सांधे जुळवून तो उभा केला आहे. भिंतींवर छपराचा भार नाही.

खांब आणि छप्पर यांच्यामध्ये एक खास रचना आहे. चिनी भाषेत तिला ‘दोउगोंग’ म्हणतात. चौकोनी ठोकळा, त्यावर आडवा हात, त्या हाताच्या टोकांवर पुन्हा ठोकळे, त्यांवर आणखी लांब हात, अशी ती चढत जाते. या मंडपात तिचे २४ प्रकार आहेत. त्यामुळे छपराची वळचण भिंतीच्या बरीच बाहेर नेता येते. लाकडाचा मोठा शत्रू पाणी. वळचण जितकी बाहेर, तितके खांब व सांधे कोरडे.

आता आपला मुख्य प्रश्न. या मंडपाचे खांबही आत किंचित कलते आहेत! इ.स. ११०३ मध्ये चिनी राजदरबाराने ‘यिंगझाओ फाशी’ हा बांधकामाच्या नियमांचा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्याचा कर्ता ली ज्ये. त्यात या कलाचे मापच दिले आहे. इमारतीच्या दर्शनी बाजूला खांबाच्या उंचीच्या शंभरात एक, आणि बाजूच्या अंगाला हजारात आठ, एवढा खांब आत कलवावा. म्हणजे ५ मीटर उंच खांबाचा माथा दर्शनी बाजूला ५ सेंटिमीटर आत येईल. डोळ्याला हे जेमतेम जाणवेल, पण सुताराला ते मापून करावे लागे.

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. चिनी छपरात आपल्यासारखी वाकवलेली कमान नसते. तुळयांवर तुळया चढवून उतार साधलेला असतो. त्यामुळे तेथे कमानीचा रेटा नाही. मग कल कशासाठी? चारी बाजूंचे खांब आत झुकले की जड छपराच्या वजनाने ते एकमेकांकडे ढकलले जातात. मधल्या आडव्या तुळया दाबल्या जातात आणि कुसवे खाचांत घट्ट बसतात. इमारत एका बाजूला हलली, तर वजनच तिला पुन्हा मध्यावर आणू पाहते. खांब जमिनीत पुरलेले नसून दगडी बैठकीवर नुसते टेकवलेले असतात. भूकंपात सांधे थोडे थोडे सरकतात आणि घर्षणात ऊर्जा खर्च होते. १६७९ साली या भागात मोठा भूकंप झाला. १९७६ साली तांगशानचा विनाशकारी भूकंप झाला. या दोन्हींतून ग्वानयिन मंडप उभा राहिला.

भाज्यापासून हा मंडप प्रभावित झाला, असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. दोन्हींमध्ये हजार वर्षांचे अंतर आहे आणि छपरांची रचनाही वेगळी आहे. मुद्दा एवढाच की लाकडाने बांधणारे दोन समाज आपापल्या वाटेने कलत्या खांबापाशी पोहोचले. कल हा सनकीपणा नसून लाकडी बांधणीची गरज होती, याला चीनची जिवंत परंपरा दुजोरा देते.

दगडातील अवशेषांगे

जीवशास्त्राच्या शिक्षकांना येथे एक ओळखीची गोष्ट आठवेल. माणसाच्या शरीरात माकडहाड आहे. शेपटी गेली, तिचे काम गेले, पण खूण राहिली. अशा अवयवांना आपण अवशेषांगे म्हणतो आणि त्यांवरून पूर्वजांविषयी अनुमान काढतो. भाज्याचे कलते खांब ही वास्तुकलेतील अवशेषांगेच आहेत. लाकडात त्यांना काम होते. दगडात काम राहिले नाही, आकार राहिला.

काम नसलेला आकार हळूहळू बदलतो. भाजे इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातले. तेथे कल स्पष्ट आहे आणि दर्शनी भाग खऱ्या लाकडाचा होता. कार्ल्याचे चैत्यगृह इ.स.च्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे. ते सुमारे ४५ मीटर लांब असून त्यात ३७ खांब आहेत. ते खांब सरळ उभे आहेत आणि दर्शनी भाग दगडातच कोरला आहे, तरी छताच्या फासळ्या अजून लाकडीच आहेत. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात मधल्या छताच्या फासळ्या लाकडाच्या होत्या, पण बाजूच्या पडव्यांत त्या दगडात कोरल्या. पुढे पाचव्या शतकातील १९ व २६ क्रमांकांच्या लेण्यांत सर्व फासळ्या दगडी झाल्या. कल आणि लाकडी दर्शनी भाग गेले, शेवटी लाकडी फासळ्या गेल्या. फासळीचा आकार मात्र गेला नाही. फासळ्यांशिवाय ते दालन पाहणाऱ्याला चैत्यगृह वाटलेच नसते.

केवळ खांबांच्या कलावरून लेण्याचे वय ठरवू नये, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. एखादा कारागीर मुद्दाम जुनी रीत धरू शकतो. शिलालेखांच्या लिपीचे वळण, त्यांतील नावे आणि कोरीव कामाची शैली यांच्याशी ते जुळले, तरच निष्कर्ष पक्का होतो.

दोन हजार वर्षांचे सागवान

कार्ल्याच्या छतातील फासळ्या, स्तूपावरील कोरीव लाकडी छत्र आणि दर्शनी कमानीतील काही लाकूड मूळचे आहे. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणी लाकूड दोन हजार वर्षे कसे टिकले?

याची दोन कारणे आहेत. सागाच्या गाभ्यातील लाकडात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. ती वाळवी व बुरशी यांना नकोशी असतात. दुसरे कारण जागेचे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. डोंगराच्या पोटात पावसाचा मारा नाही, ऊन नाही, आणि फासळ्या जमिनीपासून उंच आहेत. चीनमध्ये जे काम बाहेर काढलेली वळचण करते, तेच काम येथे कातळ करतो.

पण एवढ्यावर निश्चिंत राहता येणार नाही. बेडशाच्या सुंदर चैत्यगृहालाही लाकडी फासळ्या होत्या. आज तेथे लाकूड नाही. त्याच कातळात, त्याच पावसात, एका ठिकाणी लाकूड राहिले आणि दुसऱ्या ठिकाणी गेले. निसर्गाने राखलेली वस्तू माणसाने राखली नाही तर ती राहत नाही. ग्वानयिन मंडपही आपोआप टिकलेला नाही. त्याची वेळोवेळी दुरुस्ती होत आली. १९३२ मध्ये वास्तुशास्त्रज्ञ ल्यांग सुचंग यांनी त्याचे मोजमाप घेऊन आराखडे काढले, आणि १९९० च्या दशकात त्याची मोठी डागडुजी झाली. मोजून ठेवलेली वस्तू बिघडली तर निदान ती कशी होती हे कळते.

सहलीला जाताना

भाजे आणि कार्ले एकाच दिवसात पाहता येतात. आधी भाजे, मग कार्ले हा क्रम ठेवावा, म्हणजे बदल लक्षात येतो. दोरा आणि एक लहान वजन घेऊन गवंड्याचा ओळंबा तयार करावा. विद्यार्थ्याने तो हात लांब करून आपल्यासमोर धरावा आणि त्या सरळ रेषेच्या पार्श्वभूमीवर खांबाची कड पाहावी. खांबाला हात न लावता कल दिसतो. ही संरक्षित स्मारके आहेत. खांबांवर खुणा करू नयेत व लाकडाला स्पर्श करू नये. हातांचा घाम आणि तेलही जुन्या लाकडाला व दगडाला अपाय करतात.

समोरून सरळ काढलेल्या छायाचित्रावर कोनमापक ठेवून कल मोजता येईल. कॅमेरा वर तिरपा धरला तर सरळ खांबही आत झुकलेले दिसतात, म्हणून कॅमेरा आडवा व सपाट धरावा. कार्ल्याच्या खांबांचे तसेच छायाचित्र घेऊन दोन्हींची तुलना करावी.

गावात जुना वाडा असेल तर तेथेही न्यावे. लाकडी खांब दगडी तळखड्यावर नुसता टेकवलेला असतो, हे दाखवावे. खांब, तुळई, वासे, आढे यांतून भार कसा उतरतो याची आकृती काढून घ्यावी. गावातील वयस्कर सुताराला कुसू आणि खाच करून दाखवायला सांगावे. कोणता सांधा ओढ घेतो, कोणता फक्त दाब घेतो, हे त्यांना अनुभवाने माहीत असते. मावळातले असे वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. ते उतरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एखाद्याचे माप घेऊन ठेवले, तर तेही ल्यांग यांनी केले त्याच जातीचे काम होईल.

भाज्याच्या पाथरवटाने दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचे ज्ञान कातळात उतरवून ठेवले. त्यामुळे ते वाचता आले, नाहीतर त्या लाकडी दालनांची रचना आपल्याला कळलीच नसती.